हात पसरणारे आर्चबिशप

ऑगस्ट १९०५. स्पेनच्या दक्षिणेतलं सेव्हिल शहर. तिथला ऑगस्ट म्हणजे पारा चाळीसच्या वर, दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नाही, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, ज्यांना परवडतं ते केव्हाच समुद्राकाठी निघून गेलेले. अशा उन्हात सत्तर वर्षांचे एक गृहस्थ, तब्येत मुळातच नाजूक, दारोदार फिरून लोकांकडे पैसे मागत होते. ते त्या शहराचे आर्चबिशप, म्हणजे तिथले मुख्य धर्माधिकारी होते. मार्सेलो स्पिनोला त्यांचं नाव. त्या वर्षी अंदालुसियात, म्हणजे स्पेनच्या या दक्षिण भागात, पावसाने दगा दिला होता, पिकं गेली होती, खेड्यापाड्यातल्या शेतमजुरांच्या चुली विझल्या होत्या आणि त्यांच्यासाठी हे मागणं चाललं होतं. लोक त्यांना भिकारी आर्चबिशप म्हणायला लागले, आणि शंभराहून जास्त वर्षं झाली तरी ते नाव टिकून आहे, प्रेमाने घेतलं जातं.

२९ मार्च १९८७ ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्यांना रोममध्ये धन्यवादित घोषित केलं, म्हणजे संतपदाच्या आधीची पायरी. त्याच दिवशी गुआदालाहारा इथल्या तीन कार्मेलाइट सिस्टरांना आणि मानुएल दोमिंगो इ सोल या धर्मगुरूंनाही तो मान मिळाला.

मी स्पिनोलांबद्दल पहिल्यांदा ऐकलं ते वसईत आमच्या चर्चमध्ये, जानेवारीतल्या एका मिस्सात. फादरांनी प्रवचनात दोन-तीन वाक्यं सांगितली आणि ते पुढच्या मुद्द्यावर गेले, मी मात्र तिथेच अडकले. कारण दानशूर संतांच्या गोष्टी आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय, झगा कापून अर्धा देणारा संत मार्टिन, हुंड्यासाठी रात्री गुपचूप पैसे टाकणारा संत निकोलस. या सगळ्या देणाऱ्यांच्या गोष्टी. देणाऱ्याचा हात कितीही नम्र असला तरी तो वर असतो. इथे एक आर्चबिशप हात खाली करून उभे होते, ज्यांच्या अंगठीचं चुंबन घ्यायला लोक रांग लावायचे ते स्वतः दुसऱ्याच्या उंबऱ्यावर. ते चित्र डोक्यातून जाईना. मग जे मिळेल ते वाचत गेले.

स्पिनोला गरीब घरातले असते तर मला एवढं काही वाटलं नसतं. पण १४ जानेवारी १८३५ ला कादिझजवळच्या सान फर्नांदो या आरमारी गावात ते जन्मले तेव्हा घरात मार्क्विस ही सरदारकीची पदवी होती आणि वडील आरमारात अधिकारी होते. वडिलांच्या बदल्या होत, सगळं घर त्यांच्यामागे या बंदरातून त्या बंदरात. मुलगा कायदा शिकला, १८५६ ला सेव्हिलमधून पदवी घेतली आणि वेल्वा नावाच्या बंदराच्या गावी वकिली सुरू केली. तिथे तो गरिबांच्या केसेस फुकट चालवायचा, आणि लवकरच गावात त्याची ओळख गरिबांचा वकील अशी झाली. हे काम फार वर्षं चाललं नाही, पण मला वाटतं ते त्यांच्यातून कधी गेलंच नाही. याबद्दल पुढे सांगते, कारण माझ्या मते सगळी किल्ली तिथेच आहे.

१८६४ ला त्यांची गुरुदीक्षा झाली, म्हणजे ते धर्मगुरू झाले. आधी सानलुकारला, ग्वादालकिविर नदी जिथे समुद्राला मिळते त्या गावात, मर्सेड चर्चमध्ये काम केलं. मग १८७१ ला सेव्हिलमधल्या सान लोरेन्सो धर्मग्रामाचे, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचे, प्रमुख धर्मगुरू झाले. काळ सरळ नव्हता. १८६८ ला क्रांती होऊन राणीला देश सोडावा लागला होता, १८७३ ला प्रजासत्ताक आलं आणि दोन वर्षांच्या आतच गेलं, चर्चवर राग असणारे लोक कमी नव्हते. अशा वेळी हे फादर काय करत होते तर आजाऱ्यांच्या घरी जात होते आणि कन्फेशनच्या खुर्चीत तासन्‌तास बसून लोकांचं ऐकत होते. त्यांच्या चर्चमध्ये क्रूस खांद्यावर घेतलेल्या येशूची एक लाकडी मूर्ती होती, हुआन दे मेसा या शिल्पकाराने १६२० ला घडवलेली. सेव्हिलकर तिला 'ग्रान पोदेर' म्हणतात, म्हणजे महासामर्थ्य, आणि अजूनही गुड फ्रायडेच्या पहाटे तिची मिरवणूक निघते तेव्हा अख्खं शहर जागं असतं. मी फोटो पाहिलेत. चेहरा दमलेला आहे, काळवंडलेला, पाय पुढे टाकलेला. या मूर्तीसमोर स्पिनोलांनी आठ वर्षं रोज प्रार्थना केली असणार, आणि सामर्थ्य म्हणून जे पुजलं जातंय ते एक वाकलेलं शरीर आहे हे रोज बघून बघून माणसात काहीतरी मुरत असणार असं मला वाटतं.

तिथेच त्यांची भेट सेलिया मेंदेस या बाईंशी झाली. त्याही मार्क्विसीण, तरुणपणीच विधवा झालेल्या, आणि आता पुढे आयुष्याचं काय करायचं हा प्रश्न घेऊन त्यांच्याकडे कन्फेशनला यायच्या. पुढे स्पिनोला कोरियाचे (आशियातला देश नव्हे, स्पेनमधलंच एक गाव) बिशप झाले तेव्हा २६ जुलै १८८५ ला दोघांनी मिळून मुलींच्या शिक्षणासाठी सिस्टरांचा संघ सुरू केला, दिव्य हृदयाच्या दासी. पोर्चुगालच्या हद्दीकडचा कोरिया हा तेव्हाचा अगदी मागास धर्मप्रांत, त्यातला लास उर्देस हा डोंगराळ भाग तर स्पेनमध्ये गरिबीचं दुसरं नाव होता. दगडाच्या बिनखिडकीच्या झोपड्या, मलेरिया, गलगंड, रस्ते नाहीत. अशा ठिकाणी बिशप म्हणून गेल्यावर आधी शाळा काढायची, आणि तीही मुलींसाठी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. वसईत आमच्या आज्यांच्या पिढीला अक्षरओळख झाली ती सिस्टरांच्या शाळांमुळे, त्यामुळे त्या कामाची किंमत मला कुणी समजावून सांगायला नको.

कोरियात त्यांना दोन वर्षंही मिळाली नाहीत. १८८६ ला मालागा. तिथली परिस्थिती वेगळी होती पण सोपी नव्हती. मालागाच्या डोंगरांवर द्राक्षाचे मळे होते, मनुका आणि वाइन परदेशी जायची, आणि १८७८ पासून फिलोक्सेरा नावाच्या किडीने हे मळे मुळापासून खायला सुरुवात केली. मळे गेले तशी कामं गेली. त्यात १८८४ च्या नाताळच्या रात्री त्या भागात मोठा भूकंप झालेला. स्पिनोला तिथे साधारण दहा वर्षं राहिले, मग १८९६ ला आर्चबिशप म्हणून सेव्हिलला परत आले.

आता एक गोष्ट जरा थांबून सांगायला हवी, ती कळल्याशिवाय त्या ऑगस्टचा अर्थ लागत नाही. मला आधी प्रश्न पडला होता की एवढ्या मोठ्या धर्मप्रांताचे आर्चबिशप, कॅथेड्रलसमोर राजवाड्यासारखा वाडा, मग दुष्काळात यांनी कोठारं उघडायची सोडून मागत का फिरावं? त्याचं उत्तर स्पिनोला एक वर्षाचे असताना घडलेल्या गोष्टीत आहे. १८३६ ला मेंदिसाबाल या पंतप्रधानांनी मठांच्या जमिनी सरकारजमा करून लिलावात काढल्या. १८५५ ला मादोस या मंत्र्याने पुढचा कायदा केला, त्यात चर्चच्या उरलेल्या जमिनींबरोबर गावांच्या सामायिक जमिनीही विकायला निघाल्या, ती गायरानं, ते रान, जिथे गरीब माणूस आपली शेळी चारायचा, सरपण गोळा करायचा. लिलावात घेणार कोण? ज्याच्याकडे रोकड आहे तो. म्हणजे जमीन चर्चकडून गेली, गावाकडून गेली, आणि मोठ्या जमीनदारांकडे जाऊन बसली. १८५१ च्या करारात चर्चने झालेली विक्री मान्य केली आणि बदल्यात धर्मगुरूंना सरकारी पगार ठरला.

चर्चकडे पूर्वी होत्या त्या जमिनीबद्दल मला काही उमाळा नाही. मठांच्या कोठारांतून गरिबांना मिळायचं ते कृपेने मिळायचं, हक्काने नाही, आणि मठाचा शेतसाराही काही हलका नसायचा. पण परिणाम बघा. १९०५ चा आर्चबिशप हा पगारी माणूस आहे. वाडा आहे, कोठार नाही. त्याच्या हातात आहे ते सगळं वाटलं तरी एवढ्या उपाशी लोकांना ते किती दिवस पुरणार? धान्य आणि पैसा ज्यांच्याकडे आहे त्यांच्या दारात गेल्याशिवाय दुसरा मार्ग नव्हता.

आणि उपाशी कोण होतं? पश्चिम अंदालुसियात जमीन अफाट मोठ्या तुकड्यांत विभागलेली, गहू आणि ऑलिव्ह, एकेका मालकाची नजर पोचणार नाही एवढी शेतं. मालक शहरात. गावातले बहुतेक पुरुष भूमिहीन रोजंदार. पहाटे गावच्या चौकात उभं राहायचं, मुकादम येणार, बोट दाखवून निवडणार, आपल्याकडच्या मजूर नाक्यासारखं अगदी. निवडला तर त्या दिवसाची मजुरी. ऑलिव्हची तोडणी आणि गव्हाची कापणी सोडली तर मधले कितीतरी दिवस कामच नाही. चांगल्या वर्षीसुद्धा जेवण काय तर पाव, त्यावर तेल, व्हिनेगर, पाणी, थोडा लसूण. पाऊस गेला की मालकाचं एका वर्षाचं उत्पन्न बुडतं, मजुराचं मात्र त्या दिवसापासून चूल पेटणं बंद होतं, कारण कापायलाच काही नाही तर बोलावणार कोण. दुष्काळात धान्य नसतं असं आपण म्हणतो, पण भूमिहीन माणसासाठी खरी अडचण असते ती हातात मजुरी नसण्याची, बाजारात धान्य असलं तरी. १९७२ ला आपल्याकडे खडी फोडायच्या कामांवर जी लाखो माणसं गेली, त्यात बाया पोरं पाठीला बांधून गेल्या, त्यांना हे सांगायची गरज नाही. अंदालुसियात अशा वेळी एक जुनी रीत होती, नगरपालिका मजुरांची वाटणी करून त्यांना जमीनदारांच्या गळ्यात घालायची, तुम्ही एवढे सांभाळा, तुम्ही एवढे. जमीनदारांना ते आवडायचं नाही, आणि मजुरांनाही नाही, कारण ते ना काम ना भीक असं काहीतरी मधलंच असायचं.

या मजुरांचं चर्चशी कसं होतं हे सगळ्यात महत्त्वाचं. वाईट होतं. अंदालुसियाच्या खेड्यांत तेव्हा अराजकवादी विचार, म्हणजे सरकार नको, मालक नको असं सांगणारे, घरोघर पोचलेले होते. ज्याला वाचता यायचं तो संध्याकाळी बाकीच्यांना पत्रकं वाचून दाखवायचा, आणि त्यात मालक, पोलीस आणि पाद्री हे तिघे एकाच ओळीत असायचे. जानेवारी १८९२ ला शेकडो मजूर रात्री हेरेस शहरात घुसले, दोन माणसं मारली गेली, आणि महिन्याभराने चार जणांना फाशी नव्हे तर गळा आवळण्याच्या यंत्राने मारण्यात आलं. हेरेस तेव्हा सेव्हिलच्याच धर्मप्रांतात होतं. म्हणजे स्पिनोला चार वर्षांनी ज्या भागाचे आर्चबिशप झाले तो हा भाग. तिथल्या किती मजुरांना त्यांच्या चर्चचं तोंड बघायची इच्छा उरली होती देव जाणे.

त्या लोकांसाठी ते मागत होते.

आता माझ्या अनुभवातलं थोडं सांगते. आमच्या धर्मग्रामात आजाऱ्यांसाठी, फी न भरता आलेल्या मुलांसाठी निधी गोळा करणारा एक छोटा गट आहे, मी त्यात जाते. मागच्या पावसाळ्यात एका रिक्षावाल्याच्या डायलिसिससाठी आम्ही बिल्डिंगा फिरत होतो. माणूस आमच्या चर्चचा नव्हता, बाजूच्या चाळीतला. एका फ्लॅटपाशी बेल वाजवली, आतलं दार उघडलं, सेफ्टी डोअर बंदच. जाळीतून एका सभ्य गृहस्थांनी फाइल मागितली. मी रिपोर्ट जाळीतून आत सरकवले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले, मग विचारलं, "दारू पितो का हो?" मी म्हटलं, "मला माहीत नाही काका." "नाही, किडनी उगाच जात नाही ना. आणि बायको काय करते? रिक्षा स्वतःची की भाड्याची? भाऊबंद नाहीत का?" एकेक प्रश्न. माझ्याबरोबरची मैत्रीण खाली बघत होती, लिफ्टपाशी कुणीतरी थांबून ऐकत होतं. मी उत्तरं देत गेले. शुगर होती हो त्याला, बायको घरकाम करते, रिक्षा भाड्याची आहे. गळा कोरडा पडला. शेवटी त्यांनी दोनशे रुपये दिले आणि पावती मागितली, त्यात काही चूक नाही, पावती मागायलाच हवी.

जिना उतरताना मला उमगलं की मागणारा माणूस फक्त पैसे मागत नसतो. ज्याच्यासाठी मागतोय त्याच्या वतीने त्याला उलटतपासणी द्यावी लागते. तो आळशी आहे का, व्यसनी आहे का, त्याच्या हाताने त्याने ओढवून घेतलंय का, मागच्या वेळी दिलं त्याचं काय केलं. देणारा माणूस या सगळ्यातून सुटतो. त्याने आपल्या मनात ठरवायचं आणि पाकीट काढायचं. मागणाऱ्याला मात्र दारात उभं राहून, आवाज न चढवता, न चिडता, दुसऱ्याची बाजू मांडावी लागते, आणि समोरचा जज पण तोच आणि रक्कम पण त्याच्याच खिशात.

म्हणून मी म्हटलं की ती वकिली त्यांच्यातून कधी गेलीच नाही. वेल्वाच्या कोर्टात गरिबांची बाजू मांडणारा विशीतला पोरगा आणि सेव्हिलच्या उन्हात फिरणारे सत्तरीचे आर्चबिशप, दोघांचं काम एकच होतं. फक्त आता आरोपी होते हेरेसकडचे, उत्रेराकडचे, ओसुनाकडचे मजूर, आणि सेव्हिलच्या मोठ्या घरांत त्यांच्यावरचे आरोप सगळ्यांना पाठ होते. हे आळशी आहेत. हे बंडखोर आहेत. हे चर्च जाळायला निघालेले लोक आहेत, आणि आर्चबिशपसाहेब, तुम्ही यांच्यासाठी येता? ज्याला नाही म्हणायला तोंड उघडावं लागेल असा माणूसच दारात उभा करायचा असेल तर तो आर्चबिशपच हवा होता. त्यांनी पत्रक काढून वर्गणी मागवली असती तर लोकांनी ते घडी करून ड्रॉवरमध्ये टाकलं असतं. पण जांभळ्या पट्ट्याचा झगा घातलेला घामाघूम म्हातारा समोर आल्यावर नोकराकरवी "साहेब घरी नाहीत" सांगणं इतकं सोपं नाही. आपल्या पदाचा, आपल्या घराण्याचा, आपल्या वयाचा एवढाच उपयोग उरलाय, तर तो वापरायचा, असं त्यांनी ठरवलं असावं असं मला मनापासून वाटतं.

आपल्या मराठी मुलखात मागण्याला एक जागा होती. माधुकरी मागून शिकलेले लोक आपल्या दोन पिढ्या मागे घरोघर सापडतील, नवरात्रात परडी घेऊन जोगवा मागायला जाणारी बाई श्रीमंत घरातलीही असते, पाच घरी मागितल्याशिवाय तिचा नेम पुरा होत नाही. आम्हा वसईच्या ख्रिस्ती घरांत ते मागे पडलं. आमच्याकडे पाकीट येतं, त्यावर नाव लिहून आपण परत देतो, किंवा आता क्यूआर कोड असतो. सोयीचं आहे, मी स्वतः तसंच देते. पण त्यात कुणाला कुणाच्या डोळ्यात बघावं लागत नाही.

सेव्हिलमध्ये त्या वेळी मागणाऱ्या बायका होत्या, हे आवर्जून सांगायला हवं. सिस्टर आंखेला दे ला क्रूस, मूळची चपलांच्या कारखान्यात काम करणारी गरीब घरातली मुलगी, तिने १८७५ ला क्रूसाच्या सिस्टरांचा संघ सुरू केला होता. त्या सिस्टरा दिवसा दारोदार मागायच्या आणि रात्री आजारी गरिबांच्या उशाशी बसायच्या. सिस्टर आंखेला १९३२ ला वारल्या आणि २००३ ला संत झाल्या. सेव्हिलच्या गल्ल्यांतून त्यांच्या संघातल्या सिस्टरांच्या तपकिरी झग्यातल्या जोड्या रोज फिरताना दिसायच्या, आजही दिसतात. म्हणजे मागणं काय असतं हे आर्चबिशपांना पुस्तकातून शिकावं लागलं नाही, त्यांच्या शहरातल्या गरीब बायका ते काम तीस वर्षं करत होत्या. उलट एवढंच म्हणता येईल की मार्क्विसचा मुलगा शेवटी त्यांच्या ओळीत येऊन उभा राहिला. मला हे लिहिताना फार बरं वाटतंय.

स्पिनोलांचं सगळंच मला पटतं असं नाही. १८९९ ला त्यांनी 'एल कोरेओ दे अंदालुसिया' हा रोजचा पेपर सुरू केला, तो लिबरल पेपरांना कॅथलिक उत्तर द्यायला. सिनेटमध्ये ते चर्चच्या हक्कांसाठी बोलायचे. लोकशाही, धर्मस्वातंत्र्य याबद्दल त्या पिढीच्या बिशपांना जी धास्ती होती ती त्यांनाही होती, आणि आज वाचताना ती भाषा मला दूरची वाटते. पण विचारांनी एवढा सनातनी माणूस, ज्याला त्या मजुरांची मतं पापच वाटत असणार, तो त्यांच्या भाकरीसाठी उन्हात उतरला आणि उतरताना त्याने त्यांची मतं विचारली नाहीत. मला वाटतं विचार जुळणाऱ्यांसाठी मागणं त्या मानाने सोपं असतं.

माझा मोठा भाऊ आयुष्यभर युनियनमध्ये होता. त्याला मी हे सगळं सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, पण जमीन कुणाची ते विचारलं का तुझ्या आर्चबिशपने? भाकरी मागितली, जमीन मागितली का?" दादाचं म्हणणं खोटं नाही. १८९१ ला पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या हक्कांवर परिपत्रक काढलं होतं, त्यात योग्य मजुरीबद्दल स्पष्ट लिहिलं होतं, ते अंदालुसियाच्या शेतांपर्यंत पोचलं नाही. त्या मागण्याने एकाही मजुराला जमीन मिळाली नाही. स्पेनमध्ये जमीनसुधारणेचा कायदा आला तो थेट सप्टेंबर १९३२ ला, आणि चार वर्षांत यादवी युद्ध पेटून सगळंच रक्तात गेलं. हे सगळं मान्य. पण दादाला मी एवढंच म्हटलं की १९३२ चा कायदा १९०५ च्या ऑगस्टमध्ये कुणाच्या पोटात गेला नसता. तो म्हणाला, "दोन्ही पाहिजे." मग आम्ही चहा घेतला आणि विषय त्याच्या गुडघ्याच्या ऑपरेशनवर गेला.

त्या उन्हाळ्यानंतर स्पिनोला फार जगले नाहीत. ११ डिसेंबर १९०५ ला पोप दहावे पायस यांनी त्यांना कार्डिनल केलं, म्हणजे पोपखालोखालचा मान दिला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी माद्रिदमध्ये राजे तेरावे आल्फोन्सो यांच्या हस्ते त्यांना कार्डिनलची चौकोनी टोपी मिळाली. रोमला जाऊन पोपकडून लाल हॅट घ्यायची बाकी होती, ती राहिलीच. १९ जानेवारी १९०६ ला, एकाहत्तरावा वाढदिवस होऊन पाच दिवस झाले आणि ते गेले. कार्डिनल म्हणून उणेपुरे चाळीस दिवस. सेव्हिलच्या प्रचंड कॅथेड्रलमध्ये त्यांची समाधी आहे, होआकिन बिल्बाओ या शिल्पकाराने केलेली, आणि सान लोरेन्सो चर्चजवळच्या एका रस्त्याला त्यांचं नाव आहे. अजून संत झालेले नाहीत. होतील तेव्हा होतील, माझी प्रार्थना चालू आहे.

आमच्या गटातल्या नवीन मुलींना मी हल्ली त्यांच्याबद्दल सांगते, विशेषतः ज्या पहिल्यांदा बेल वाजवताना मागे सरकतात त्यांना. रिक्षावाल्याचं डायलिसिस अजून चालू आहे, आठवड्यातून तीन वेळा जावं लागतं, एक ट्रस्ट काही भाग उचलतो आणि बाकीचं आम्ही बघतो. त्या बिल्डिंगमध्ये परत गेलो तेव्हा त्या काकांनी पुन्हा जाळीआडून विचारलं, दारू पितो का. मी म्हटलं, काका, तो आजारी आहे, मशीनवर बसला नाही तर जगणार नाही, तुम्ही या महिन्यात किती देऊ शकाल ते सांगा. त्यांनी थोडा वेळ माझ्याकडे बघितलं. मग सेफ्टी डोअर उघडून म्हणाले, आत या, बसा, चेकबुक आतल्या खोलीत आहे.